मोडीच्या ढिगातून: जुनं पितळ, कासं आणि पदकं जमवायची तर

वाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी मांडलं, वडिलांनी वाढवलं, आता मी आणि पुतण्या मिळून बघतो. नवं भांडं घ्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीत बहुतेक वेळा एखादं जुनं भांडं असतं. ते काट्यावर ठेवायचं, मोडीचा भाव लावायचा आणि नव्याच्या किमतीतून ती रक्कम वजा करायची, हा आमचा शिरस्ता. मागच्या खोलीत मोड साठली की टेंपो येतो आणि सगळं भट्टीला जातं. घंगाळं, तांब्याचे बंब, ठाणवया, पानाचे डबे, लेकीला लग्नात दिलेल्या कळश्या, सगळं एकाच भावानं वितळतं. मी जमवायला लागलो तो या ढिगातूनच. माझ्याकडे आज जे आहे त्यातलं बरंचसं टेंपो यायच्या आधी बाजूला काढलेलं आहे.

अलीकडे तरुण मुलंमुली दुकानात येऊन विचारतात, "काका, जुन्या वस्तू जमवायच्यात, सुरुवात कुठून करू?" त्यांना तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: वस्तू घेताना तिची माहितीही घ्या. कुठल्या गावची, कोणाच्या घरातली, कशाला वापरायचे, कोणी कधी दिली. माहिती नसलेली समई कितीही देखणी असली तरी तशी दुसरी बाजारात मिळते. माहिती भट्टीत जाते तशी निष्काळजी संग्राहकाच्या कपाटातही जाते, म्हणून पुढचं सगळं या एका गोष्टीच्या भोवतीच आहे.

धातू आणि घडण

तांबं लाल, ते कोणीही ओळखतं. घोटाळा होतो तो पितळ आणि काशात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. ब्राँझ याच कुळातलं, पण त्यात कथील कमी. बाजारात 'ब्राँझ' म्हणून मांडलेल्या बऱ्याच वस्तू निव्वळ पितळेच्या असतात. रंग बघायचा तो कडेला, जिथे वर्षानुवर्षं हात लागून धातू उघडा पडलाय तिथे. पितळ पिवळंधमक दिसतं, कासं फिकट, थोडं करड्याकडे झुकणारं.

काशाची वाटी असेल तर ती पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि कडेला नखानं टिचकी मारा. नाद लांबत जातो, बोटांना कंप जाणवतो. आवाज बसका आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, उजेडात फिरवून शोधा. कासं पोचत नाही, फुटतं. तेव्हा पोचे पडलेली थाळी कोणी काशाची म्हणून देत असेल तर ती बहुधा पितळेची आहे. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. तांबं, पितळ, कासं यांना ते चिकटत नाही. समईच्या दांड्याला चिकटलं, तर आत लोखंडी सळई आहे किंवा वस्तू लोखंडाची असून वरून मुलामा दिलाय.

मग घडण बघा. ठोकीव की ओतीव? ठोकीव भांड्यावर तांबटाच्या हातोडीचे ठसे असतात, त्याला मठार म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून चालतं. एकदा तिथे उभं राहून बघा, हातानं केलेल्या मठाराचे ठसे एका ओळीत असूनही एकसारखे नसतात हे डोळ्यात बसेल. जुन्या हंड्या-घागरींना पोटाशी सांधा असतो. दोन पत्र्यांच्या कडांना दाते कापून ते एकमेकांत बसवायचे आणि झाळायचे. आतून बोट फिरवलं की ती दातेरी रेघ लागते. लेथवर फिरवून काढलेल्या नव्या भांड्याला सांधा नसतो, असतात त्या आतून एकामागे एक गोल रेघा.

ओतीव वस्तूत मेणाच्या साच्याचं काम वेगळं ओळखू येतं. मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ही रीत लिहून ठेवली आहे, मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यायचा इथपर्यंत. या रीतीत साचा फोडावा लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकटीच. दुकानात एकाच घाटाचे तीन गणपती ओळीनं दिसले, तिघांच्याही सोंडेला त्याच जागी तोच खड्डा आहे, तर पुढे चला.

आधी डोळा तयार करा

विकत घ्यायच्या आधी भरपूर बघा, आणि शक्यतो अशा ठिकाणी बघा जिथे वस्तूबद्दल शंका नाही. पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ही या छंदाची शाळा आहे. दिनकर गंगाधर केळकर, कवी 'अज्ञातवासी', यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून घरगुती वस्तू गोळा केल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं. तिथले दिवे आणि अडकित्ते सावकाश बघा. अडकित्त्यासारखी रोजची वस्तू, पण दोन कारागिरांचे दोन अडकित्ते सारखे नाहीत.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादची ब्राँझं आहेत. १९७४ साली प्रवरेच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला ती सापडली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. सगळी भरीव ओतलेली. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रापलीकडचा देव कसा आला, याचं उत्तर मिळतं ते ती कुठे, कोणत्या थरात, कशाबरोबर सापडली याची नोंद आहे म्हणून. तीच मूर्ती बाजारात नुसती मिळाली असती तर कोणीतरी परदेशातून आणलेली शोभेची बाहुली म्हणून विकली गेली असती.

आणि आमच्या वाईला याल तेव्हा मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या, त्यांपैकी ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला अशाच घंटा आहेत. ओतकामातच उठवलेलं साल आणि नंतर कोरलेलं साल यांतला फरक शिकायला मेणवलीची घंटा उत्तम. ओतलेल्या आकड्याच्या कडा मऊ, गोलसर असतात आणि धातूची कातडी आकड्यावरून सलग गेलेली दिसते. कोरलेल्या आकड्याची कड धारदार असते आणि खाचेतला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा.

जुनं आणि जुनं केलेलं

मुरादाबादहून नवं पितळ 'अँटिक फिनिश' देऊन येतं. तसं सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही, आम्हीही विकतो. गैर होतं ते कोणी त्याला पेशवेकालीन म्हणतं तेव्हा. आम्लात बुडवून, अमोनियाची वाफ देऊन किंवा ओल्या मातीत पुरून हिरवेपणा आणता येतो. असा जंगाल एकसारखा सगळीकडे पसरलेला असतो आणि नखानं खरवडला की भुकटी होऊन येतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसाला लावून बुडाशी, न दिसणाऱ्या जागी फिरवा. कापूस हिरवा किंवा काळा झाला तर तो रंग आहे. खऱ्या जुन्या जंगालाखाली बहुधा लालसर थर असतो आणि तो धातूलाच धरून बसलेला असतो.

पण माझा जास्त भरवसा झिजेवर. वस्तू वापरली की कुठे झिजते याला नियम आहे. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं नाक, गुडघा आणि हातातला लोणीचा गोळा झिजतो, कारण रोज आंघोळ घालताना अंगठा तिथूनच फिरतो. मागची बाजू आणि काखा तशाच राहतात आणि तिथे भिंग लावलं तर वाळलेलं गंध आणि कुंकू खाचेत बसलेलं दिसतं. खंडोबाच्या टाकावर घोडा आणि देवाचा चेहरा गुळगुळीत होतो, कडेची नक्षी टिकते. पानाच्या डब्याची बिजागरी सैल होते, कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाची चिमटीत धरायची कळी बारीक होते, पळीची एकच कड खाली येते कारण ती एकाच बाजूनं ताम्हनात टेकते. बनावट वस्तूवर झीज सगळीकडे सारखी असते, किंवा हात कधी पोहोचणार नाही अशा जागी असते.

समईचे आटे उघडून बघा. हातानं पाडलेले आटे जाड आणि थोडे वेडेवाकडे असतात, एका समईचं खोड दुसरीच्या बुडात बसत नाही. म्हणून काही जुन्या समयांच्या जोडावर दोन्ही भागांना सारख्या खुणा केलेल्या आढळतात, दोन टिंबं किंवा एक तिरकी रेघ. खुणा जुळल्या तर समई अख्खी आहे. न जुळल्या तर दोन समयांची एक केलेली आहे. घ्यायला हरकत नाही, पण किंमत त्याप्रमाणे.

भांडं आतून बघा. तांब्यापितळेच्या स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई असायचीच, आणि वरचेवर केलेल्या कल्हईचे थर तळाच्या कोपऱ्यात राहतात. बुडाला घट्ट बसलेली काजळी, काठाला झाळून दिलेला डाग, बदललेला कान, ही सगळी वापराची साक्ष आहे. गिऱ्हाइकं डाग दिलेलं भांडं नाकारतात. मी उलट आधी तेच उचलतो.

भांड्यावरचं नाव

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते महाराष्ट्रातल्या संग्राहकाला याच्याइतकी मोठी देणगी दुसरी नाही. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालतात. लग्नातला आहेर, मुंज, देवस्थानाला अर्पण, मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ वाटलेले गडू-पेले, सगळ्यांवर नाव. तेव्हा साधी कळशीही स्मृतिचिन्हच असते.

माझ्याकडची एक पितळी कळशी सांगतो. गळ्याखाली छिन्नीच्या टिंबाटिंबांनी अक्षरं आहेत: 'चि. सौ. कां. गंगू हिस मामाकडून, मौजे भुइंज, शके १८३८'. 'भुइंज'मधला 'ज' ओळीत मावला नाही म्हणून खाली घेतलाय. शके आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१६. जानेवारी ते पाडव्याच्या मधली तारीख असेल तर ७९ मिळवायचे. मारवाडी-गुजराती घरांच्या भांड्यांवर संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. एका ओळीत कळशीचं वय, गाव, नातं आणि ती घरात कशी आली हे चारही मिळालं, आणि तरीही ती आमच्याकडे मोडीत आली होती.

नावावरून काळही कळतो. जुनी नावं छिन्नी-हातोडीची असतात: तुटक टिंबं किंवा छोटे घाव, पाठीमागून पत्र्याला किंचित उठाव. विजेच्या यंत्रानं घातलेलं नाव म्हणजे सलग, उथळ, थरथरती रेघ. भांडं जुनं आणि नाव यंत्राचं असेल तर ते पुन्हा दिलं गेलं असा अर्थ घ्या. कधीकधी जुनं नाव ठोकून पुसलेलं आणि शेजारी नवं घातलेलं दिसतं. तिरप्या उजेडात धरा, पुसलेलंही बहुतेक वेळा वाचता येतं. बॅटरी भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून एका बाजूनं मारायची. किंवा पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. हे ठसे तारीख घालून वहीत चिकटवून ठेवा.

पदकं

आमचा सातारा जिल्हा पलटणीचा. इथल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी पदकं निघतात, आणि घरच्यांना ती कशाची हे बहुधा ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धातली दोन सर्वांत जास्त आढळतात. एक ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं, ३६ मिलिमीटर. दुसरं त्याच मापाचं व्हिक्टरी मेडल, ब्राँझचं, पंख असलेल्या विजयादेवीचं, फीत इंद्रधनुष्यी. चांदीचं पदक घरोघरी आटवलं गेलं, ब्राँझचं राहिलं, म्हणून जोडी फुटलेली असते. वॉर मेडल ब्राँझमध्येही काढलं होतं, ते मजूर आणि हमालांच्या तुकड्यांतल्या माणसांना. असं ब्राँझचं वॉर मेडल मिळालं तर त्याला दुय्यम समजू नका. त्या माणसांच्या खुणा फार कमी उरल्या आहेत.

पदकाची खरी किंमत त्याच्या कडेवर. तिथे इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन कड फिरवत वाचा. नावं कारकुनानं ऐकली तशी लिहिलेली आहेत, तेव्हा मोठ्यानं उच्चारून बघा, म्हणजे ओळखू येतात. १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री किंवा ११७ मराठा दिसलं तर कान टवकारा. या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या आणि ही डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी कूट इथे वेढ्यात उपासमार झाल्यावर शरण गेली. १११ महार ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत मोडली गेली, तिची पदकं त्यामुळे कमी. नाव आणि क्रमांक मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. माणूस युद्धात मेला असेल तर तिथे नोंद मिळण्याची शक्यता असते.

त्याच युद्धात मेलेल्यांच्या घरी ब्राँझची गोल चकती पाठवली जायची, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची. ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), सिंह, आणि उजव्या बाजूच्या चौकटीत मेलेल्याचं नाव, हुद्द्याशिवाय. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा घातला नाही. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या काढल्या. आरेखन एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांचं, सिंहाच्या पंजाजवळ त्यांची आद्याक्षरं असतात. खऱ्या चकतीवर नाव उठावाचं असतं, कोरलेलं नसतं. नाव तासून सपाट केलेली चकती घेऊ नका.

नकला कशा ओळखायच्या? खरी पदकं ठशानं दाबून काढलेली, नकला खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेल्या. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर घ्या, महाग नसतो. अक्षरांच्या मुळाशी बारीक बुडबुडे दिसले तर ती ओतीव आहे. कड तासून दुसरं नाव ठोकलेलं असेल तर तिथला व्यास कमी भरतो, म्हणून तीन-चार जागी मापा. १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक चांदीचं, ३८.५ मिलिमीटर, एका बाजूला पंचम जॉर्ज आणि मेरी राणी, मागे फारसी मजकूर. ते नाव न घालता दिलं जाई, म्हणून त्यावर नाव दिसलं तर ते नंतर घातलेलं. राज्याभिषेक आणि ज्युबिलींच्या प्रसंगी हलक्या धातूची पदकंही पुष्कळ वाटली गेली. सुरुवात करायला ती चांगली, स्वस्त असतात आणि खोटी करण्यात कोणाला रस नसतो.

एक मात्र माझा आग्रह आहे. पदक घेऊन घरचंच माणूस आलं असेल तर भाव बोलायच्या आधी त्याला कडेवरचं नाव वाचून दाखवा. पणजोबांचं नाव ऐकल्यावर अनेक जण ते परत खिशात घालतात. घालू द्या. फोटो आणि कडेचा ठसा तेवढा मागून घ्या. वस्तू त्या घरी राहिली आणि माहिती दोन ठिकाणी झाली, हे मला विकत घेण्याइतकंच मोलाचं वाटतं. फीत जुनी, फाटकी असली तरी बदलू नका.

कुठे घ्यावं, काय भावानं

पुण्याचा मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोर बाजार, मटण स्ट्रीटवरची दुकानं, शुक्रवारी ती बंद असतात. नाशिकचा भांडी बाजार. पण सर्वांत उत्तम जागा म्हणजे तुमच्या गावातला भांड्यांचा दुकानदार, ज्याच्याकडे मोड येते. त्याला सांगून ठेवा, मोडीच्या वर थोडे पैसे द्या, आणि भांडं कुठल्या घरातून आलं ते विचारा. बाजारात पोहोचेपर्यंत ती माहिती गळून जाते.

भाव करायची आमची पद्धत साधी. आधी वजन करा आणि मोडीच्या दरानं किंमत काढा. त्याखाली वस्तू मिळणार नाही. त्याच्या वरचे जे पैसे मागितले जातायत ते कशाचे, हे विक्रेत्याला विचारा. घाटाचे, नावाचे, सालाचे, की नुसत्या 'अँटिक' या शब्दाचे? उत्तर समोर दाखवता आलं तर द्या. एकाच प्रकारचं जमवा: फक्त अडकित्ते, फक्त नाव असलेल्या कळश्या, फक्त एका पलटणीची पदकं. नजर त्यानंच धार धरते.

मूर्तीच्या बाबतीत मी फार कडक आहे. पायापासून किंवा पीठापासून नुकतीच तोडलेली मूर्ती, तुटलेल्या जागी धातू चकचकीत, विकणारा गाव सांगत नाही: अशी मूर्ती देवळातून आलेली असू शकते. हात लावू नका, पोलिसांना कळवा. शेतात नांगरताना सापडलेली वस्तूही विकत घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

१९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम प्रत्येक संग्राहकानं वाचावा. तो १९७६ पासून लागू आहे. १०० वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. धातूच्या मूर्ती नोंदणीच्या यादीत आहेत: तशी मूर्ती घरात असेल तर फोटोसह नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवायची, आणि पुढे कोणाला दिली तर तेही कळवायचं. संग्रह ठेवायला परवाना लागत नाही, पुरावशेषांचा व्यापार करायला लागतो. तेव्हा जुनी मूर्ती घेताना आधी नोंदणीचा दाखला मागा.

साफ करणं, म्हणजे बहुतेक वेळा न करणं

चिंच, राख, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीही संग्रहातल्या वस्तूला लावू नका. वरचा गडद थर धातूचं रक्षण करतो, तो एकदा गेला की वस्तूचं वयच गेलं. धूळ मऊ कुंचल्यानं काढा. तेलकट चिकटा असेल आणि धातू सुदृढ असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, आणि लगेच कोरडं करणं. पदकांना तेवढंही नको. देव्हाऱ्यातले देव पूजेत आहेत तोवर त्यांना चिंच लागणारच, ते योग्यच आहे. पूजेतून काढून संग्रहात आले की चिंच बंद.

हिरव्या डागांत फरक करायला शिका. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा बरा. फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसले, पुसल्यावर पुन्हा आले, तर तो ब्राँझचा रोग. मातीतून किंवा घामातून गेलेलं मीठ तांब्याशी मिळून क्लोराईड होतं, दमट हवेत त्यातून आम्ल सुटतं आणि ते आणखी तांबं खातं. हे चक्र आपोआप थांबत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात आणि कोकणात तर वर्षभर याची भीती. अशी वस्तू लगेच वेगळी करा, दातकोरणीनं भुकटी हलकेच काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. मोलाची वस्तू असेल तर स्वतः रसायनं वापरू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, अशा ठिकाणच्या जाणकाराला दाखवा.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकानं काळे पट्टे पडतात. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड चांगलं. पदक कडेला धरून उचला, तोंडाला बोट लावू नका.

वही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तो वस्तूवर लिहायचा नाही, कापडी चिठ्ठीवर लिहून दोऱ्यानं बांधायचा. वहीत त्या क्रमांकासमोर वजन, मापं, धातू, घडण, जसाच्या तसा मजकूर (चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट), कोणाकडून, कोणत्या तारखेला, काय किमतीला, आणि देणारा जे बोलला ते त्याच्या शब्दांत. "आमची आजी यात विरजण लावायची" असं कोणी म्हणालं तर तेच लिहा, 'दुग्धपात्र' असं लिहू नका. फोटो चार काढा: समोरून, मागून, बुडाचा आणि नावाचा, प्रत्येकात शेजारी पट्टी ठेवून. वहीची एक प्रत घराबाहेर ठेवा. माझी पुतण्याकडे आहे, आणि दोघांपैकी कोणीही नवी वस्तू आणली की दोन्ही वह्यांत त्याच दिवशी नोंद होते.

शेवटी परदेशी असलेल्या मुलांसाठी, कारण दर दिवाळीला हा प्रश्न येतोच. पणजीची समई किंवा पणजोबांचं १९१८ चं पदक अमेरिकेला नेता येईल का? १०० वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावशेष, आणि तो खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग तो स्वतःच्याच घरातला का असेना. वस्तू तितकी जुनी नसेल पण दिसायला जुनी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर विमानतळावर अडकते. त्यासाठी फोटो आणि वस्तू कुठून आली ही माहिती लागते. प्रवासाच्या आठवडाभर आधी ते होत नाही, महिनाभर आधी तरी अर्ज करा. आणि वस्तू इथेच ठेवायची ठरली तर ती कोणाकडे राहील ते आत्ताच भावंडांत ठरवून वहीत लिहा, कारण आमच्या काट्यावर येणाऱ्या कळश्या बहुतेक वाटणीनंतरच्या महिन्यात येतात.